जुन्या गाडीला कडक शॉकअप टाकावेत का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गाडी वीस वर्षांची, चासीवर बांधलेली एसयूव्ही. पुढे विशबोन (चाक धरणारे वरचे-खालचे हात) आणि टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी), मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि पाटे (एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). शॉकअप शेवटचे कधी बदलले ते आठवत नाही. ताशी ८० किमीच्या पुढे गाडी डोलते, ब्रेक मारला की नाक खाली घालते आणि कच्च्या रस्त्यावर मागची बाजू आडवी सरकते. मधल्या काळात पुढे लोखंडी बंपर आणि टपावर कॅरिअर लागलंय. दोन इंच उंची वाढवायचाही विचार आहे. मेकॅनिक म्हणतो, "कडक गॅसचे टाकून द्या, विषय संपला." तर कडक घ्यावेत का, मोनोट्यूब (एकाच नळीचे) घ्यावेत का, आणि उंची वाढवली तर लांब शॉकअप लागतील का?

सव्वीस वर्षं मी सस्पेन्शनचंच काम करतोय. माझं उत्तर असं की कडक शॉकअप मागू नका, तुमच्या स्प्रिंगला, वजनाला आणि चाक वर-खाली जितकं जातं तितक्या अंतराला जुळणारे मागा. ते कोणते हे ठरवायला दुकानात जायच्या आधी टेप घेऊन गाडीखाली जावं लागतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते न करता घेतलेले शॉकअप वर्षाच्या आत काढावे लागलेले मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यातले बरेच उत्तम बनावटीचे होते. फक्त त्या गाडीचे नव्हते.

शॉकअपने गाडीचं वजन पेलायचं नसतं. ते काम स्प्रिंगचं, म्हणजे तुमच्या टॉर्शन बारचं आणि पाट्यांचं. स्प्रिंग दबली की तिच्यात जोर साठतो आणि उसळताना ती तो परत देते. मध्ये कोणी आवरणारं नसेल तर गाडी बराच वेळ वर-खाली होत राहते. शॉकअपमध्ये पिस्टन तेलातून सरकतो, तेलाला बारीक वाटांतून पलीकडे जावं लागतं, त्यात ती उसळी जिरते आणि तिची उष्णता होऊन नळीच्या पत्र्यातून हवेत जाते. म्हणून गाडी खराब रस्त्यावरून आली की काम करणारा शॉकअप गरम असतो.

याच गोष्टीवर माझी पहिली तपासणी आहे. टायरमधली हवा आधी बरोबर करा, कारण जास्त हवेचा टायर कच्च्यावर असाच उडतो आणि दोष शॉकअपला लागतो. मग खडबडीत रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवा आणि थांबल्या थांबल्या प्रत्येक शॉकअपच्या अंगाजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, चांगला भाजतो. दुरून तापमान दाखवणारं यंत्र असेल तर उत्तमच. पुढचा डावा पुढच्या उजव्याशी, मागचा मागच्याशी ताडून बघा. एक गरम आणि त्याचा जोडीदार थंड निघाला, तर थंड असलेला फक्त लटकलेला आहे, काम करत नाही. बंपर दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजायची पद्धत मी पाट्यांच्या गाडीवर वापरत नाही. पाट्यांचं आपसातलं घर्षणच गाडी थांबवून धरतं आणि मेलेला शॉकअपही जिवंत वाटतो.

बाकीच्या खुणा: टायरवरून तळहात फिरवला की लाटा लागणं, रॉडच्या सीलपासून खाली ओघळलेल्या तेलावर धुळीचा जाड थर बसणं, शॉकअपच्या टोकाच्या कडीतलं, म्हणजे डोळ्यातलं, रबरी बुश फाटून बोल्ट एका बाजूला गेलेला असणं. सीलपाशी नुसता तेलकट ओलावा असेल तर घाबरू नका. रॉड तेलाचा पातळ पापुद्रा घेऊनच वर-खाली होत असतो. काढलेला शॉकअप हाताने तपासणार असाल तर आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा. ट्विन ट्यूब (दोन नळ्यांचा) आडवा पडून राहिला की आतल्या नळीत हवा शिरते आणि नवाकोराही पहिल्या झटक्याला पोकळ लागतो. त्यानंतरही दाबताना बोटभर रॉड विनाअडथळा आत जाऊन मग एकदम पकड येत असेल, तर आत तेल कमी आहे.

आता पाटे. तुमच्या गाडीचं वय बघता मी शॉकअपच्या आधी तिथे बघेन. सपाट जागी गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्यात दोन सेंटिमीटरचा फरक असेल, किंवा रिकामी गाडी मागे बंप रबरापासून (चाक फार वर गेलं की ॲक्सल ज्यावर टेकतो तो रबरी ठोकळा) जेमतेम दोन-तीन बोटांवर बसली असेल, तर पाटे थकलेत. थकलेल्या पाट्यांवर कितीही भारी शॉकअप लावा, चाकाला वर जायला जागाच नसते आणि प्रत्येक खड्ड्यात रबर आपटतं. कडक शॉकअपने तो आपटा थोडा उशिरा येतो एवढंच. पाट्यांच्या मधल्या बोल्टजवळ बारीक चीर आहे का, क्लिपा शाबूत आहेत का, शॅकलची (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीची) बुशं जागेवर आहेत का, हेही तेव्हाच बघून घ्या.

याच्या उलटंही होतं. एक पिकअप माझ्याकडे आली होती, मागून दगडासारखी. मालकाने दोन वेळा शॉकअप बदलले होते, दुसऱ्या वेळी मुद्दाम मऊ घेतले, तरी पाठ मोडायची थांबेना. मी दोन्ही शॉकअप सोडवून बाजूला ठेवले आणि मागच्या बंपरवर पूर्ण वजनाने उभा राहिलो. गाडी जागची हलली नाही. शॉकअप लावलेलेच नव्हते, मग कडकपणा कुठला? पाटे सोडवले तर दोन पाट्यांमध्ये गंजाचे पापुद्रे चढून ते एकमेकांना चिकटले होते आणि टोकांच्या घर्षणपट्ट्या कधीच झिजून गेल्या होत्या. पाटे वेगळे करून, घासून, नव्या पट्ट्या घालून बसवले आणि त्याच मऊ शॉकअपांवर गाडी चालवली. ती गाडी आता डोलायला लागली, कारण मऊ शॉकअप खरोखरच अपुरे होते. शेवटी मूळ मापाचे, मूळ ताकदीचे शॉकअप घालून ती बरोबर झाली. दोन्ही वेळची खरेदी त्या माणसाने आधी पाटे बघितले असते तर वाचली असती. म्हणून तुम्हीही शॉकअप सोडवल्यावर लगेच नवे लावू नका, एकदा गाडी दाबून बघा. सहज दबून परत वर आली तर पाटे मोकळे आहेत.

तिसरी तपासणी वजनाची. गाडी नेहमी जशी भरता तशी भरून वजनकाट्यावर न्या आणि पुढचा ॲक्सल वेगळा, मागचा वेगळा असं वजन घ्या. लोखंडी बंपर पुढच्या चाकांच्याही पुढे टांगलेला असतो, त्यामुळे त्याच्या किलोंपेक्षा जास्त भार पुढच्या स्प्रिंगवर येतो. कॅरिअरचं सामान उंचावर असल्याने वळणावर गाडी जास्त झुकते. हे आकडे हातात असले की विकणाऱ्याला "रोजचं वजन पुढे इतकं, मागे इतकं" असं सांगता येतं. वजन वाढलं असेल तर आधी स्प्रिंग बदलायची आणि मग तिला आवरणारा शॉकअप निवडायचा. भार उचलायला शॉकअपवर कॉइल चढवलेले किंवा हवा भरायचे शॉकअप मिळतात, ते जुन्या चासीवर मी लावत नाही. शॉकअपची वरची कान, म्हणजे तो चासीला जिथे बोल्टने बसतो तो वेल्ड केलेला पत्रा, धक्के सोसण्यापुरती केलेली असते, गाडीचं वजन टांगून ठेवायला नाही. वीस वर्षांच्या वेल्डिंगवर तो भार आला की कान फाटते.

तुमच्या मूळ शंकेकडे येतो. कडक म्हणजे नक्की काय? शॉकअप एका झटक्यात दोन वेगळी कामं करतो. गाडीचं अंग सेकंदाला एक-दोन वेळा सावकाश डोलतं: वळण, ब्रेक, लांब उतार-चढ. तिथे पिस्टन हळू सरकतो. चाक आणि ॲक्सल मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकतात, तिथे पिस्टन झपाट्याने धावतो. पिस्टनच्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत असते. हळू हालचालीत त्या जवळजवळ बंद राहून विरोध करतात, जोराचा धक्का आला की वाकून तेलाला वाट देतात. चांगल्या शॉकअपची कला या चळतीत आहे. हळू हालचालीत धरून ठेवणारा आणि जोराच्या धक्क्यात सोडून देणारा शॉकअप तुम्हाला हवाय. सगळीकडे सारखाच कडक असलेला शॉकअप हायवेला गाडी सरळ ठेवेल, पण कच्च्या रस्त्यावर चाक जमिनीवर टिकू देणार नाही.

तुमची मागची बाजू सरकते ती बहुधा पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर. तिथलं गणित बघा. अशा दोन लाटांमध्ये साधारण ७० सेंटिमीटर अंतर धरलं, तर ताशी ३० किमीला चाकाला सेकंदाला बाराएक धक्के बसतात. चाक-ॲक्सलची स्वतःची थरथरही नेमकी तिथेच असते. म्हणून त्या वेगाला सगळी गाडी खिळखिळी होईल असं वाटतं, आणि वेग वाढवला की हादरा कमी होतो. पण तेव्हा चाक लाटांच्या माथ्यांवरूनच उडत जातं, जमिनीला अर्धवट टेकतं. थकलेला शॉकअप असेल तर ब्रेक आणि वळण दोन्हीला पकड उरत नाही आणि मागची बाजू आडवी येते.

इथे कडक शॉकअपही फसवतो. दाबताना होणारा विरोध तो कॉम्प्रेशन, उघडताना होणारा तो रिबाउंड. रस्त्यावरच्या गाडीत रिबाउंड मुद्दाम कॉम्प्रेशनच्या दुप्पट-तिप्पट ठेवलेला असतो, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरली जाते. रिबाउंड गरजेपेक्षा जास्त झाला की पहिल्या लाटेवर दबलेलं चाक पुरतं खाली यायच्या आत दुसरी लाट येते. मग ते आणखी दबतं, तिसरीला आणखी. दहा-बारा लाटांत गाडीची मागची बाजू बंप रबरावर जाऊन बसते आणि सस्पेन्शन उरतच नाही. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप अजून मऊ आहेत, तो आणखी कडक घेतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेल्या निम्म्या गाड्यांत मी रिबाउंड कमी केलाय, वाढवलेला नाही.

ट्विन ट्यूब की मोनोट्यूब, यावर लोक हिरिरीने बोलतात. ट्विन ट्यूबमध्ये एका नळीत दुसरी असते. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या पोकळीत जादा तेल आणि वर हवा किंवा काही बार दाबाचा नायट्रोजन. बाहेरच्या नळीला दगड लागून पोचा आला तरी बऱ्याचदा काम चालू राहतं. गाडीही मऊ चालते आणि तो मूळ मापात सहज बसतो. दोष असा की लांबवर खडबडीत चाललं की तेलात गॅस मिसळून फेस होतो, आणि फेसाला विरोध करता येत नाही. काही बनावटीत मोकळ्या गॅसऐवजी बंद बुडबुड्यांचा फोम भरतात, म्हणजे मिसळायला काही राहत नाही. जड, हळू चालणाऱ्या गाड्यांना ते मला आवडतात.

मोनोट्यूबमध्ये नळी एकच. तळाशी तरंगता पिस्टन तेल आणि गॅस वेगळे ठेवतो, आणि गॅसचा दाब २५ बारच्या आसपास असतो. ही रचना फ्रेंच अभियंता द कार्बाँ यांची, आणि बिलस्टाइनने ती १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतली. फेस होत नाही, तेल थेट बाहेरच्या नळीला लागून असल्याने उष्णता लवकर जाते, पिस्टनही मोठा मिळतो, ४६ मिलिमीटरचा तर सर्रास. पण नळीला खोल पोचा आला की पिस्टन तिथेच अडतो आणि शॉकअप संपतो. दगडधोंड्यांत फिरणार असाल तर पत्र्याची ढाल लावायलाच हवी.

"गॅसचे टाकले की गाडी उचलते" हे तुम्ही ऐकलं असेल. हिशेब सोपा आहे. रॉड १४ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचा छेद साधारण दीड चौरस सेंटिमीटर. २५ बार दाब त्यावर सुमारे ३९ किलोचा जोर बाहेरच्या दिशेने लावत राहतो. दोन शॉकअप मिळून मागे गाडी काही मिलिमीटर, फार तर एखादा सेंटिमीटर वर येते. थकलेल्या पाट्यांवर हा इलाज नव्हे, कारण तो जोर जवळपास तेवढाच राहतो, भार वाढला म्हणून स्प्रिंगसारखा वाढत जात नाही.

आता टेप. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि हेच कोणी करत नाही. मागच्या एका बाजूचं चाक जॅकने किंवा उताराच्या ठोकळ्यावर चढवून इतकं वर न्या की बंप रबर चांगलं दाबलं जाईल. रबर टेकलं म्हणजे संपलं असं धरू नका, जोराच्या आपट्यात ते जवळजवळ निम्मं होतं. शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा. ही तुमची बंद लांबीची हद्द. मग चासी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, शॉकअप सोडवा आणि ॲक्सल जॅकवर घेऊन हळूहळू खाली सोडत जा. ब्रेकचा होज ताणला जातोय का ते बघत राहा. ॲक्सल पूर्ण लटकला की पुन्हा तेच अंतर मोजा. एकाच बाजूचं चाक खाली सोडूनही मोजा, अखंड ॲक्सल तिरपा झाला की एक टोक दोन्ही एकदम लटकल्यापेक्षा जास्त खाली जातं.

एका गाडीचे माझ्या वहीतले आकडे देतो. उभ्या गाडीत ४५५ मिलिमीटर, पूर्ण दबल्यावर ३६५, पूर्ण लटकल्यावर ५६०. शॉकअप आतून कधीच टेकता कामा नये म्हणून बंद लांबी २० मिलिमीटर कमी धरली, ३४५. उघडी लांबी १० जास्त, ५७०. म्हणजे रॉडची धाव २२५ हवी. आता ३४५ मधून २२५ गेले की डोळे, सील, पिस्टन, तळाचा व्हॉल्व्ह या सगळ्यांना १२० मिलिमीटर उरतात. ट्विन ट्यूब त्यात बसला. मालकाला मोनोट्यूब हवा होता, पण त्याच्या नळीतच गॅसची खोली आणि तरंगता पिस्टन असतो, त्याला आणखी पाचएक सेंटिमीटर लागतात. म्हणजे एकतर धाव कमी करा, नाहीतर गॅसची डबी बाहेर होजने जोडलेला घ्या. कागदावर ही वजाबाकी केली की ट्विन की मोनो हा वाद बऱ्याच वेळा आपोआप मिटतो.

ही वजाबाकी न करता मी स्वतः एकदा काम केलंय. उंच केलेली गाडी होती, मालकाने आणलेले लांब शॉकअप डोळ्याला बरोबर दिसले आणि उभ्या गाडीत छान बसले. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा मागचा उजवा शॉकअप वरच्या कानीसकट चासीवरून उखडून ॲक्सलला लोंबत होता. पाटे बदलून गाडी उंच झाली होती, पण बंप रबर मूळ जागीच होतं. चाक वर जायची हद्द तीच, शॉकअपची बंद लांबी मात्र चार सेंटिमीटरने वाढलेली. एका खोल खड्ड्यात रबर टेकायच्या आधी शॉकअप टेकला आणि सगळ्या गाडीचा घाव त्या कानीवर गेला. नशिबाने ब्रेकचा होज वाचला. तेव्हापासून दबलेलं माप घेतल्याशिवाय मी शॉकअपचा खोकासुद्धा उघडत नाही.

म्हणून तुमच्या दोन इंचांबद्दल: मागे नव्या पाट्यांनी उंची वाढवली तर उघडी लांबी वाढते, बंद लांबीची हद्द तीच राहते. बंप रबरही तेवढंच खाली आणलं तरच बंद लांबी वाढवायची मुभा मिळते. नुसती बॉडी ठोकळ्यांवर उचलली तर सस्पेन्शन बदलतच नाही, शॉकअप मूळ मापाचेच. पुढे तर लांब शॉकअप घेऊच नका. टॉर्शन बारचा बोल्ट पिळून पुढची उंची वाढते, पण विशबोनचे वरचे-खालचे थांबे जागचे हलत नाहीत. चाकाची एकूण धाव तेवढीच, फक्त तुम्ही तिच्या खालच्या टोकाजवळ उभे राहता. दोन इंच पिळलं तर चाकाला खाली जायला जागाच उरत नाही, प्रत्येक गतिरोधकानंतर वरचा हात थांब्यावर आदळतो आणि तो टक्क आवाज ऐकून लोक परत शॉकअपच बदलतात. पुढे मी बंपरच्या वजनाने गाडी जेवढी बसली तेवढीच उचलेन, त्याहून जास्त नाही. बंपर फार जड निघाला तर जाड टॉर्शन बार घ्या.

एक बारीक पण धोक्याची गोष्ट. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला एक दांडी जोडलेली असते. मागे भार आला की ॲक्सल-चासीतलं अंतर कमी होतं, त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. गाडी मागून उंच केली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि भरलेल्या गाडीतही तो मागचे ब्रेक कमी देतो. उंची बदलली तर या दांडीचं माप पुन्हा लावून घ्यायलाच हवं.

तुमच्यासाठी मी काय निवडेन ते सांगतो. बहुतेक हायवे, महिन्यातून एखाद-दुसरी कच्च्याची फेरी आणि पुढे जड बंपर असेल, तर मागे कमी दाबाच्या गॅसचा, मोठ्या पिस्टनचा, तुमच्या मापात बसणारा ट्विन ट्यूब आणि पुढे मोनोट्यूब. पुढच्या विशबोनवर शॉकअप हाताच्या मधोमध बसलेला असतो. चाक १० सेंटिमीटर हललं की तो पाचच हलतो, म्हणून त्याला थोड्या धावेत बरंच काम करावं लागतं आणि तिथे मोनोट्यूबची तत्परता उपयोगी पडते. आठवड्याला शेकडो किलोमीटर भरल्या गाडीने लाटांच्या रस्त्यावर जाणार असाल, तर चारही मोनोट्यूब, मागे बाहेरच्या डबीचे. गाडी कधी रिकामी, कधी गच्च भरलेली असेल तर हाताने कमी-जास्त करता येणारे विचारात घ्या, पण फिरकी दर काही आठवड्यांनी हलवत राहा, नाहीतर गंजून जाम होते. एकच बदलू नका, एका ॲक्सलचे दोन्ही एकदम. आणि मागचे शॉकअप फार तिरपे बसवायच्या जुगाडात पडू नका. उभ्या रेषेपासून ४५ अंश कलला की त्याचा परिणाम निम्मा होतो.

बसवताना घाई चालत नाही. आठवडाभर आधीपासून रोज नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. काही शॉकअपना वर डोळ्याऐवजी आटे पाडलेला खिळा असतो; त्याचा नट रॉडसकट फिरायला लागला तर रॉडच्या टोकाच्या चपट्या भागाला पकडीने धरा. गॅस भरलेल्या शॉकअपवर बत्ती (गॅस कटरची ज्योत) अजिबात लावू नका, तो फुटतो. तोडायचंच असेल तर ग्राइंडरने नट तोडा, नळीपासून लांब. जुना निघाला की तारेच्या ब्रशने चासीवरची कान खरवडून, बाजूने बॅटरी मारून वेल्डच्या कडेला चीर शोधा, बोल्टचं भोक लांबट झालंय का बघा. नव्या शॉकअपचा पहिला दणका तिथेच बसणार आहे. ट्विन ट्यूब उभा धरून हवा काढा. मोनोट्यूबला दाबून धरणारी पट्टी मात्र खालचा-वरचा बोल्ट हाताशी आल्यावरच कापा. एबीएसची तार किंवा ब्रेकची नळी जुन्या शॉकअपला टांगलेली असेल तर तिची जागा आधी मोबाइलवर टिपून ठेवा.

डोळ्याच्या बोल्टला शेवटची पक्की ताकद गाडी चाकांवर उभी असताना द्या. रबरी बुश आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. लटकत्या चाकाला घट्ट केलं तर गाडी खाली आल्यापासून ते कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. उभ्या खिळ्याच्या शॉकअपला रबराच्या चकत्या असतात. नट तेवढाच आवळा की रबर फुगून वायसरच्या कडेपर्यंत येईल. त्याहून आवळलं तर रबर मरतं आणि खटखट सुरू होते. टॉर्शन बार हलवला असेल तर लगेच अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत दोन्ही करून घ्या.

पहिले ५०० किलोमीटर झाले की सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. रॉडवर किंवा बंप रबरावर ग्रीसचा पातळ हात फिरवून एक खडबडीत फेरी मारा आणि खुणेवरून बघा, शॉकअपची धाव शिल्लक असतानाच रबर टेकतंय ना. काढलेल्या जुन्यांपैकी गॅसचे असतील ते भंगारात देताना गॅसचे आहेत असं स्पष्ट सांगा, म्हणजे कोणी त्यांना कटर किंवा बत्ती लावणार नाही. तुमच्या गाडीची मागच्या बाजूची तिन्ही मापं (उभी, दबलेली, लटकलेली) आणि काट्यावरची दोन वजनं कळवलीत, तर कोणती लांबी आणि किती रिबाउंड घ्यायचा ते मी आकड्यांत सांगतो.